खान्देशातील नृत्यगीतांच्या गायकांनी ध्वनिमुद्रणाची कारकीर्द कशी उभी करावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू झाल्या की नव्या अहिराणी गाण्यांना मागणी येते, आणि आषाढ लागेपर्यंत त्यांतील बरीचशी गाणी लोकांच्या तोंडातून उतरलेलीही असतात. गाणे मागे पडणे नृत्यगीताच्या बाबतीत स्वाभाविक आहे; परंतु गाण्याबरोबर गाणाराही मागे पडावा, हे टाळता येण्यासारखे आहे. ज्या गायकाने किंवा गायिकेने पहिल्या गाण्यापासून आवाज नीट ध्वनिमुद्रित केला, मूळ फाइल जपल्या आणि मालकीबाबतचा करार लेखी केला, त्यांच्याजवळ चार-पाच वर्षांत स्वतःचा असा एक संग्रह तयार होतो आणि पुढचे कार्यक्रम, पुढची गाणी व रॉयल्टी या सगळ्यांना त्याचा आधार मिळतो. ही कामे ज्या क्रमाने करावी लागतात त्याच क्रमाने येथे सांगितली आहेत. करारांविषयी अधिक विस्ताराने लिहिले आहे, कारण चांगल्या आवाजांची उणीव खान्देशात मला कधी जाणवली नाही. उणीव आहे ती कागदपत्रांची.

पट्टी, लय आणि उच्चार

स्टुडिओची वेळ ठरवण्यापूर्वी पट्टी पक्की करावी. ढोल आणि बेस यांच्या गदारोळातून आवाज वर यावा म्हणून संगीतकार बहुधा चढी पट्टी धरतो, आणि नवा गायक संकोचाने ती मान्य करतो. ध्वनिमुद्रणात एखादी ओळ तुकड्यातुकड्यांनी गाता येत असल्यामुळे त्या वेळी निभावून जाते; पुढे यात्रेतल्या किंवा हळदीच्या कार्यक्रमात तेच गाणे सलग म्हणताना मात्र गळा फाटतो. यासाठी एक साधी चाचणी आहे. जागच्या जागी चार-पाच मिनिटे नाचावे आणि लगेच मुखड्यातील सर्वांत वरचा सूर सलग आठ-दहा वेळा लावून पाहावा. तो प्रत्येक वेळी स्वच्छ लागला तर पट्टी आपली आहे. शेवटच्या दोन-तीन वेळा तो ओढून लावावा लागला तर पट्टी अर्ध्या सुराने खाली घ्यावी. चांगला संगीतकार या मागणीचा राग मानत नाही.

लयीच्या बाबतीत जगभरातील डान्स-पॉप साधारणपणे मिनिटाला ११० ते १३० ठोक्यांच्या आसपास असते, आणि वरातीतील चार ठोक्यांच्या सरळ तालाला ही मर्यादा ठीक बसते. कानबाई या देवीच्या किंवा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांच्या चाली मात्र पुष्कळदा झुलत्या, सहा मात्रांच्या वळणाच्या असतात. त्या ओढून सरळ चौपदरी तालात बसवल्या की शब्दांवरचा आघात चुकीच्या जागी पडतो, आणि ज्या बायका लहानपणापासून ती चाल गात आल्या आहेत त्यांचे पाय अडखळतात. अशा चालीला तिचा मूळ झोल ठेवून खाली भक्कम ठेका द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लय ठरवताना संगणकाच्या पडद्यापेक्षा घरातल्या माणसांवर विसंबावे. मोबाइलवर मेट्रोनोम लावून तीन वेगवेगळ्या लयींत मुखडा गावा आणि कोणत्या लयीवर आई, मावशी व लहान भाऊ हे तिघेही न सांगता डोलू लागतात ते पाहावे.

अहिराणीत गाणाऱ्यांनी उच्चारांची वेगळी तयारी करावी लागते. करस, जास, येस, देखस अशी क्रियापदे ओळीच्या शेवटी वारंवार येतात, आणि ओळीचा शेवट हाच नृत्यगीतात सर्वांत जोरात गायला जाणारा भाग असतो. हा ‘स’ मायक्रोफोनवर सुरीसारखा जातो आणि मिरवणुकीतल्या भोंग्यांतून तर कानाला बोचतो. तो नंतर डी-एसर लावून कमी करता येतो, पण जास्त कमी केला की गायक बोबडा वाटू लागतो. त्यामुळे आधीच्या स्वरावर जोर देऊन ‘स’ आखूड आणि हलका सोडण्याचा सराव घरीच करावा. दुसरी गोष्ट अशी की, शाळेतल्या प्रमाण मराठीची सवय माइकसमोर उभे राहताच जागी होते आणि ‘डोया’ म्हणायचे तेथे ‘डोळा’ निघून जाते. एकाच गाण्यात दोन्ही रूपे आली तर ऐकणाऱ्याला गायक उपरा वाटतो. धुळ्याकडची अहिराणी आणि जळगावच्या पूर्वेकडची लेवा बोली यांतही फरक आहेत. गीतकाराने जी बोली लिहिली तीच शेवटपर्यंत सांभाळावी, आणि शंका असल्यास ती बोली घरात बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला गीताचा कागद वाचून दाखवावा.

ध्वनिमुद्रणाचा दिवस

आता बहुतेक तालुक्यांच्या गावी लहानसा का होईना स्टुडिओ सापडतो, आणि अशा स्टुडिओतही उत्तम काम होऊ शकते. पाहावयाचे ते एवढेच की खोलीत टाळी वाजवली असता तिचा आवाज लगेच विरतो की भिंतींवरून परत येतो. परत येत असेल तर गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना कापसाच्या जाड गाद्या उभ्या कराव्यात. कापसाच्या मुलखात त्या मिळवणे अवघड नाही, आणि बाजारातल्या पातळ फोमपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होतो.

एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो. पंखा किंवा कूलर चालू ठेवून गाणे घेता येत नाही आणि बंद खोलीत बसवत नाही, म्हणून उन्हाळ्यातले ध्वनिमुद्रण पहाटे किंवा रात्री उशिरा ठेवावे. वीज जाण्याचा संभव धरून संगणक यूपीएसवर आहे याची आधीच खात्री करून घ्यावी. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी किंवा काळ्या मसाल्याचे जड जेवण टाळावे, कारण पोटातले आम्ल वर आले की घसा सकाळी बसलेला असतो. पिण्याचे पाणी माठातले असल्यास फार गार नसलेले घ्यावे.

मायक्रोफोनपासून साधारण एक वीत अंतर ठेवावे, मध्ये पॉप फिल्टर असावा, आणि जोरकस ओळीला मान किंचित बाजूला घेण्याची सवय लावावी. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या दर्जात, वेव्ह स्वरूपात करण्याचा आग्रह धरावा. पातळी फार वर ठेवण्याचे कारण नाही. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला की पुरे. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येत असेल तर लय हमखास मागे पडते, म्हणून ध्वनिमुद्रकाला इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करावयास सांगावे. हेडफोनमधला ठेकाही मोठा ठेवू नये, नाही तर तो मायक्रोफोनमध्ये उतरतो आणि शांत जागी टिकटिक ऐकू येत राहते.

पहिल्या ओळीपासून तुकडे जोडत जाण्यापेक्षा आधी संपूर्ण गाणे तीन-चार वेळा सलग गावे. त्यांतून प्रत्येक ओळीचा सर्वोत्तम भाग निवडून एक मुख्य आवाज तयार करावा, आणि मगच राहिलेल्या ओळी पुन्हा घ्याव्यात. सलग गाण्यातून श्वासाची जी चढ-उतार येते ती तुकड्यांतून येत नाही. मुखडा आणखी दोनदा वेगळा गाऊन डाव्या-उजव्या बाजूला ठेवला की तो रुंद होतो. एकच ध्वनिमुद्रण नक्कल करून दोन्हीकडे ठेवल्याने तो परिणाम साधत नाही, कारण दोन गाण्यांतल्या सूक्ष्म फरकांमुळेच तर रुंदी जाणवते. कोरससाठी शक्य असेल तेव्हा गावातल्याच दोन-तीन बायकांना बोलवावे. कानबाईच्या गाण्यात सामूहिक गळ्याचा जो खरखरीतपणा असतो, तो एका गायिकेच्या पाच नकलांमधून येत नाही.

ऑटो-ट्यूनविषयी गायकांच्या मनात भीती आणि हाव दोन्ही असतात. सूर आपोआप दुरुस्त करणारे हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये बाजारात आले, आणि पुढच्याच वर्षी शेर या अमेरिकी गायिकेच्या एका गाजलेल्या नृत्यगीतात ते मुद्दाम तीव्र ठेवून यांत्रिक आवाजाचा परिणाम साधला गेला. तेव्हापासून तो परिणाम डान्स-पॉपच्या परिचित अलंकारांपैकी एक झाला आहे. अलंकार म्हणून तो एखाद्या ओळीला शोभतो. आपल्या लोकचालींत मात्र सुरावरून सुरावर घसरत जाण्याची जी लकब असते, तिला हे यंत्र चूक समजून पायऱ्या पाडते. म्हणून ध्वनिमुद्रकाला सांगून दुरुस्तीचा वेग कमी ठेवावा, गाण्यातले सूर हाताने निवडावेत, आणि मींड असलेल्या ओळी यंत्राविना ठेवाव्यात. यंत्राचा ताल आणि माणसाचा मोकळा गळा एकमेकांना मारक नसतात. अमेरिकी गायिका डोना समर यांनी निर्माते जॉर्जिओ मोरोडर यांच्याबरोबर १९७७ मध्ये केलेल्या सुप्रसिद्ध ध्वनिमुद्रणात जवळजवळ सगळी साथ सिंथेसायझरची आहे आणि त्यावर आवाज मात्र तरंगत, श्वासाश्वासातून येतो. त्या एका गाण्यापासून पुढच्या विद्युत नृत्यसंगीताने पुष्कळ घेतले.

मिश्रणाच्या, म्हणजे मिक्सिंगच्या, वेळी गायकाने उपस्थित राहावे. डीजेच्या ज्या गाडीवर हे गाणे वाजणार आहे तिच्यातून बेस प्रचंड आणि मधला भाग अपुरा येतो, डावा-उजवा भेद तर पुष्कळदा उरतच नाही. म्हणून मिश्रण एकदा मोनोमध्ये, एकदा मोबाइलच्या स्पीकरवर आणि एकदा ओळखीच्या डीजेच्या गाडीवर मोकळ्या जागेत ऐकावे. तिन्ही ठिकाणी मुखड्याचे शब्द कळले पाहिजेत. कळत नसतील तर आवाज मोठा करण्याआधी वाद्यांचा २ ते ४ किलोहर्ट्झमधला भाग थोडा मागे घ्यावयास सांगावे. सुरुवातीला आणि शेवटी काही आवर्तने नुसता ठेका ठेवला तर डीजेचालकाला एक गाणे दुसऱ्याला जोडणे सोपे जाते, आणि असे गाणे तो अधिक वेळा लावतो. स्पॉटिफायसारख्या सेवा सर्व गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) या पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे केवळ आवाज मोठा वाटावा म्हणून मास्टर, म्हणजे प्रकाशनासाठीची अंतिम फाइल, चिरडून काढण्यात लाभ नाही.

स्टुडिओतून निघताना पाच गोष्टी स्वतःच्या हार्ड डिस्कवर घेतल्याशिवाय निघू नये: अंतिम मास्टर, गायकाच्या आवाजाविना असलेला ट्रॅक, गायकाचा नुसता आवाज, प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फाइल आणि प्रकल्पाची मूळ फाइल. कार्यक्रमांचा सारा संसार त्या आवाजाविना असलेल्या ट्रॅकवर चालतो, आणि तीन वर्षांनी कोणी रीमिक्स मागितले तर नुसत्या आवाजाची फाइल लागते. लहान स्टुडिओंचे संगणक बदलतात, भरतात, बिघडतात. दोन ठिकाणी प्रती ठेवणे ही गायकाचीच जबाबदारी आहे.

मालकी, करार आणि रॉयल्टी

एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने अनेक हक्क असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा हक्क संगीतकाराचा, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा असतो, म्हणजे ज्याने ते ध्वनिमुद्रण घडवून आणण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा. गायकाला यांशिवाय वेगळा असा सादरकर्त्याचा हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांना कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे संरक्षण मिळते, ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षे, आणि सादरकर्त्याच्या हक्काला ५० वर्षे. गाण्यावर आपले नाव यावे हाही सादरकर्त्याचा कायदेशीर हक्क आहे, ती निर्मात्याची मेहरबानी नव्हे.

आपल्याकडची रीत अशी आहे की चॅनलचा मालक गायकाच्या हातावर एकरकमी मानधन ठेवतो, स्टुडिओ व चित्रीकरणाचा खर्च करतो आणि गाणे स्वतःच्या चॅनलवर टाकतो. या रीतीत वावगे काही नाही. पहिल्या गाण्याला पैसे घालणारा माणूस मिळणे हेच मोठे असते. अडचण येते ती काय दिले आणि काय राखले हे कोठेच लिहिलेले नसल्यामुळे. गाणे गाजल्यावर दोन्ही बाजूंना आपापले सोयीचे आठवते, आणि जिच्या आवाजावर लोक नाचतात तिच्याकडे दाखवायला केवळ एक यूट्यूबची लिंक असते.

हक्क सोपवण्याचा व्यवहार कायद्याने लेखी आणि सोपवणाऱ्याच्या सहीचाच असावा लागतो. त्यात कोणते गाणे, कोणते हक्क, किती मुदत, कोणते क्षेत्र आणि मोबदला किती हे स्पष्ट असले पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर भारतापुरते धरले जाते. सोपवलेला हक्क घेणाऱ्याने एक वर्षात वापरलाच नाही, तर करारात वेगळे लिहिलेले नसल्यास तो मूळ धन्याकडे परत येतो. या तीन तरतुदी गायकाच्या व गीतकाराच्या बाजूच्या आहेत, म्हणूनच तयार छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द आधीपासून घातलेले असतात. ते वाचून पाहावे, आणि सही करण्यापूर्वी त्याऐवजी पाच किंवा सात वर्षांची मुदत मागावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक महत्त्वाचे संरक्षण मिळाले: गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला वाटा कॉपीराइट संस्थेशिवाय किंवा कायदेशीर वारसांशिवाय दुसऱ्या कोणाला सोडून देता येत नाही. सादरकर्त्यांनाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क त्याच दुरुस्तीने स्पष्ट झाला.

नव्या गायकाच्या हाती फार ताकद नसते हे मान्य आहे. तरीही चार गोष्टी कोणताही समंजस निर्माता देतो, आणि त्या मागण्यात संकोच करू नये. एक, सर्व ठिकाणी गायक म्हणून नाव. दोन, मास्टर आणि ट्रॅक यांची प्रत. तीन, हे गाणे स्वतःच्या कार्यक्रमांत पुन्हा परवानगी न घेता गाण्याची मुभा. चार, मुदत संपल्यावर तेच गाणे पुन्हा नव्याने ध्वनिमुद्रित करण्याचा अधिकार. उत्पन्नातला वाटा मिळाला तर उत्तमच, पण त्यासाठी हिशेब कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कागदाच्या आधारे दाखवला जाईल हे लिहून घेतल्याशिवाय टक्केवारीला अर्थ राहत नाही.

गीत स्वतः लिहिणाऱ्या किंवा चाल स्वतः बांधणाऱ्या गायकांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे आयपीआरएसचे, सदस्यत्व घ्यावे. १९६९ पासून चालू असलेली ही संस्था गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते. सादरकर्ते म्हणून गायकांसाठी इसम्रा ही वेगळी संस्था आहे. सदस्य होऊन भागत नाही, तर प्रत्येक गाणे योग्य वाटपासह नोंदवावे लागते. गीतकार कोण, संगीतकार कोण आणि कोणाचा किती वाटा हे स्टुडिओतच, गाणे गाजण्यापूर्वी, एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घेणे हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे; गाजल्यानंतर त्यालाच वर्षे लागतात.

पारंपरिक गाण्यांचा प्रश्न खान्देशात वारंवार येतो. कानबाईची, गौराईची, आखाजीच्या झोक्याची गाणी कोणा एकाची नाहीत, म्हणून ती कोणालाही घेता येतात. आपण जे नवे कडवे लिहिले किंवा नवी साथ रचली तेवढ्यावरच आपला हक्क पोचतो. श्रेयात ‘पारंपरिक’ असे स्वच्छ लिहावे, आणि अशा चालीवर यूट्यूबच्या कंटेंट आयडीमधून, म्हणजे इतरांच्या व्हिडिओंतले आपले संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेतून, एकट्याची मालकी सांगू नये, कारण तसे केले की गावोगावच्या महिला मंडळांच्या व्हिडिओंवर आपल्या नावाने दावे लागू लागतात. आजीच्या तोंडची ओळ नातीच्या व्हिडिओतून काढून टाकली जावी, हे आपल्या हातून होता कामा नये. हाच नियम तयार लूपला, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायच्या ठेक्याच्या किंवा वाद्याच्या तयार तुकड्याला, लागू आहे: विकत किंवा मोफत घेतलेला जो लूप इतरांनाही वापरता येतो, तो असलेल्या गाण्याच्या साथीवर कंटेंट आयडीचा दावा टिकत नाही.

बहिणाबाई चौधरी यांच्या ओळी नव्या ठेक्यावर बांधण्याची इच्छा अनेकांना होते. त्यांचे निधन १९५१ मध्ये झाले आणि पहिला संग्रह १९५२ मध्ये निघाला. मरणोत्तर प्रकाशित कवितेची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे मोजली जात असल्यामुळे त्या पहिल्या संग्रहातील शब्द आता सर्वांना खुले आहेत. मात्र त्यांना इतरांनी दिलेल्या चाली खुल्या नाहीत, चाल स्वतःची बांधावी लागते. या कवितांना वरातीचा ठेका लावण्यापूर्वी त्यांतले कष्ट आणि विरह ठेक्याखाली दबणार नाहीत ना, हे शांतपणे तपासावे, अशी माझी विनंती आहे.

हिंदी किंवा मराठी चित्रपटगीतांच्या डीजे आवृत्त्या करून नाव कमावण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण कारकिर्दीच्या दृष्टीने तो वाळूवरचा आहे. कायद्यात कव्हर आवृत्तीसाठी परवान्याची तरतूद आहे. तीत मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे गेलेली असावी लागतात, आगाऊ सूचना द्यावी लागते, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते आणि मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. परवानगीविना टाकलेल्या गाण्यावर यूट्यूब कॉपीराइट स्ट्राइक देते, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की संपूर्ण चॅनल बंद होऊ शकते, त्याबरोबर आपली स्वतःची गाणीही जातात. लग्नाच्या वरातीत कोणतेही गाणे वाजवणे हा कायद्यानेच अपवाद ठरवलेला आहे. त्या सवलतीचा आधार ध्वनिमुद्रण प्रकाशित करण्याला मिळत नाही.

प्रकाशन आणि पुढची गाणी

प्रकाशनाची तारीख खान्देशाच्या पंचांगावरून ठरवावी. वरातीचे गाणे तुळशीविवाहाच्या साधारण महिनाभर आधी, आखाजीचे गाणे चैत्रात, कानबाईचे गाणे आषाढात यावे. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते, आणि घोड्यांच्या बाजारासाठी येणाऱ्या लोकांमुळे तेथे वाजलेले गाणे दूरवर जाते. गाणे सर्व सेवांवर पोचवणाऱ्या वितरकाकडे तीन-चार आठवडे आधी फाइल द्यावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी शिफारस करावयाची तर ती किमान सात दिवस आधी करावी लागते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा. नावाचे लेखन देवनागरीत व रोमन लिपीत कायम एकसारखे असावे, कारण एका अक्षराच्या फरकाने एकाच गायिकेची दोन पाने तयार होतात आणि श्रोते विभागले जातात. भाषेच्या यादीत अहिराणी नसल्यास मराठी निवडून वर्णनात अहिराणीचा उल्लेख करावा.

डीजेचालकांना गाणे स्वतः पोचवावे. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे फाइलचा दर्जा टिकतो. यूट्यूबच्या जाहिरात-उत्पन्नासाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणी, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. नव्या चॅनलने तिची घाई करण्याऐवजी नियमितपणे गाणी द्यावीत.

पहिले गाणे गाजल्यावर दुसऱ्यासाठी त्याच चालीची मागणी होते. एकदोनदा ती पुरवायला हरकत नाही, पण किती काळ, हा निर्णय गायकाने स्वतः घ्यावा. या बाबतीत ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोग यांची कारकीर्द अभ्यासण्यासारखी आहे. १९८८ ते १९९१ या काळातले त्यांचे चारही अल्बम मुख्यतः एकाच निर्माता-चमूने घडवले आणि त्यांतले सुरुवातीचे खूप खपले. त्यानंतर त्यांनी चमू व कंपनी बदलली, १९९७ मध्ये वेगळ्याच वळणाचा अल्बम केला, तो व्यापारी दृष्टीने मागे पडला, आणि २००१ मध्ये पुन्हा नव्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जगभर गाजलेले नृत्यगीत दिले. २०२४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांना पॉप-डान्स ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आपल्याकडे गायिका नाझिया हसन यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी, १९८० मध्ये, लंडनमध्ये बिड्डू यांच्या संगीतात हिंदी चित्रपटासाठी गाऊन जे यश मिळवले, त्यामागेही आवाज आणि संगीतरचनाकार यांची अचूक जोडी होती. जोडी जमली की ती काही गाण्यांपर्यंत धरून ठेवावी, आणि दोघांनाही नवे सुचेनासे झाले की स्नेह राखून दुसऱ्याबरोबर एक गाणे करून पाहावे.

दरवर्षी आषाढात, वराती थांबल्यावर, दोन दिवस हिशेबासाठी काढावेत. आयपीआरएस व वितरक यांची विवरणे गाण्यांच्या यादीशी ताडून पाहावीत, मानधनातून कापलेल्या टीडीएसचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, हार्ड डिस्क उघडून फाइल खरोखर वाजतात का ते तपासावे. वहीत प्रत्येक करारापुढे मुदत संपण्याची तारीख लिहिलेली असावी. ती जवळ आली की निर्मात्याला लेखी पत्र पाठवून करार वाढवायचा की हक्क परत घ्यायचे ते कळवावे, आणि परत घेतलेले ध्वनिमुद्रण आपल्या खात्यावरून पुन्हा प्रकाशित करताना वितरकाला जुनाच आयएसआरसी क्रमांक द्यावा, म्हणजे आधीच्या ऐकण्यांची मोजणी सहसा त्या गाण्याबरोबर राहते.